नाव गेलं, ताबा राहिला

१४० जीबीची फाइल उडवली आणि डिस्कवरची मोकळी जागा एका जीबीनेही वाढली नाही. आधी ४० जीबी मोकळे होते, नंतरही ४०च. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ची आज्ञा मी पुन्हा दिली. पुन्हा ४०. माझ्या हातून काय झालं ते त्या आकड्याने सांगितलं. संगणकाने तोंडातून एक शब्द काढला नव्हता, धोक्याची घंटा वाजवली नव्हती, लाल अक्षरं दाखवली नव्हती. फक्त जागा वाढली नाही.

तारीख २० सप्टेंबर २०२३, ऋषिपंचमी. मी कशेडीच्या घरी गणपतीला आलेला, खळ्याच्या कडेला तुळशीपाशी खुर्ची टाकून बसलेला. आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती तेवढ्याच जागी. घरात आलात की फोन गप्प. पडवीत उभं राहिलात तर एक दांडी येते आणि जाते. तुळशीपाशी दोन टिकतात. म्हणून मांडीवर लॅपटॉप, पायाशी फोन, आणि फोनच्या हॉटस्पॉटवरून नवी मुंबईतल्या एका लहान वितरकाच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर मी चढलेलो. वीस वर्षं हेच काम करतो आहे, लोकांचे सर्व्हर सांभाळायचे. सुट्टी अशी नसतेच.

कशेडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला घाट आठवतो. पोलादपूर सोडलं की रायगड संपवून खेडमध्ये, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरवणारा. मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्या सगळ्यात जास्त रखडायच्या त्या इथे. भोगावजवळ पावसाळ्यात रस्ता खचायचा आणि गणपतीच्या आदल्या रात्री रांगा लागायच्या. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी सोडली होती. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, पाऊण तासाचा घाट दहा मिनिटांवर आला. गावात दोन दिवस तोच विषय. मी मात्र त्या दुपारी बोगद्याबद्दल एक अक्षर ऐकलेलं नाही.

झालं होतं ते असं. सकाळी फोनवर इशारा आला, सर्व्हरची डिस्क ९२ टक्के भरली. ५०० जीबीची डिस्क. या सर्व्हरवर, म्हणजे एका लोखंडी खोक्यात, तीन वेगवेगळी यंत्रं चालतात. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडं राहावीत तसा प्रकार. वाडा एक, भिंती एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की आपलं घर स्वतंत्र आहे. आयबीएमने ही कल्पना १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांवर विकायला काढली. आज लिनक्सवर ज्या जोडीच्या जोरावर हे चालतं, तिच्यातलं क्यूएमू फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००३ मध्ये बाहेर आणलं आणि केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात गेलं. आता लहानसहान ऑफिसांतही हेच असतं.

बिऱ्हाडाची सगळी चीजवस्तू, म्हणजे त्याची विंडोज, हिशेबाचं सॉफ्टवेअर, चार वर्षांची बिलं, जीएसटीच्या नोंदी, हे सगळं वाड्याच्या दृष्टीने एकाच फाइलमध्ये असतं. तिला डिस्क इमेज म्हणतात. आत बसलेल्याला ती अख्खी हार्डडिस्क वाटते, बाहेरून बघणाऱ्याला एक जाडजूड फाइल. तिचा प्रकार ‘क्यूकाऊ’. त्यातल्या काऊचा गायीशी संबंध नाही, ‘लिहिताना प्रत काढ’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. पण मी इतकी वर्षं मनात गायच म्हणत आलो. ही गाय खात सुटते. आत नोंदी वाढल्या की बाहेर फाइल फुगते, आणि वाड्यातली जागा संपली की बिऱ्हाड जागच्या जागी गोठतं. म्हणून सणाच्या दिवशी साफसफाई करायला बसलो.

डिस्कवर दोन मोठ्या फाइली दिसल्या. एकीचं नाव ‘हिशेब’, १४० जीबी. दुसरीचं नाव ‘हिशेब-नवा’, १५० जीबी. आता सांगा, यातली कुठली टाकाऊ?

मीही तेच केलं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी बसून मी या हिशेबाच्या यंत्राची नवी, ऐसपैस डिस्क बनवली होती. तिला नाव दिलं ‘हिशेब-नवा’. ती सुरू करून पाहिली, काहीतरी अडलं, म्हणून तात्पुरतं परत जुन्यावर गेलो. ते तात्पुरतं तीन वर्षं चाललं. यंत्र कुठल्या फाइलवर चाललंय हे दाखवणारी एका ओळीची आज्ञा आहे, पाच सेकंद लागतात. ती मी दिली नाही. नाव वाचल्यावर विचारायचं काय राहिलं? फाइल खोडणारी ‘आरएम’ची आज्ञा लिहिली, पुढे ‘हिशेब’ लिहिलं, एंटर दाबला.

आणि जागा वाढली नाही.

आता इथे थोडं थांबून लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या घरात डोकवावं लागेल, कारण पुढचं सगळं त्या न वाढलेल्या जागेवर उभं आहे. गंमत म्हणजे ही गोष्ट मला संगणकाच्या पुस्तकाच्या आधी काकांच्या तोंडून कळली होती, फक्त ती संगणकाची आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या भागात जमिनीचे वाद म्हणजे रोजचं जेवण. सातबाऱ्यावर नाव एकाचं, फेरफारात दुसऱ्याचं, आणि शेतात नांगर तिसऱ्याचा. गाव नमुना सात म्हणजे हक्क कुणाचा, बारा म्हणजे पीक काय आणि कुणाचं, सहा म्हणजे नावं कशी बदलत गेली त्याची नोंद. काका लहानपणी मला म्हणायचे, कागद बघू नको, वहिवाट बघ. खोतीच्या काळात कुळाचं नाव कागदावर असायचंच असं नाही, पण जमिनीवर पाय त्याचे असायचे. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जो प्रत्यक्ष कसत होता त्याला जमिनीचा मालक धरलं, तेव्हा कोकणातली कित्येक घरं कागदावरून नाही तर वहिवाटीवरून उभी राहिली. नाव खोडलं म्हणून जमीन नाहीशी होत नाही. तिचा गट नंबर राहतो, बांध राहतो, आणि जोवर कुणी कसतोय तोवर ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये युनिक्स रचलं ते अगदी या धर्तीवर. १९७४ मध्ये त्यांनी जो निबंध छापला त्यात हे स्वच्छ लिहिलंय. फाइल म्हणजे तिचं नाव नव्हे. फाइलला एक क्रमांक असतो, त्या क्रमांकाखाली तिची खरी नोंद असते, ‘आयनोड’: आकार किती, मालक कोण, डिस्कवर कुठल्या कुठल्या तुकड्यांत पसरली आहे. नाव त्यात नसतंच. नाव असतं फोल्डरमध्ये, आणि फोल्डर म्हणजे नाव आणि क्रमांक यांच्या जोड्यांची यादी. एका क्रमांकाला दोन नावं असू शकतात, दहा असू शकतात. आपण ज्याला ‘डिलीट’ म्हणतो, त्या कामाचं युनिक्समधलं आतलं नाव ‘अनलिंक’ आहे. दुवा काढणं. यादीतली एक ओळ खोडली जाते, इतकंच. मग यंत्रणा दोन गोष्टी बघते. या क्रमांकाला अजून एखादं नाव उरलंय का? आणि एखाद्या चालू प्रोग्रामने ही फाइल उघडून हातात धरली आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच जमीन मोकळी होते.

विंडोजवर वाढलेल्यांना हे विचित्र वाटतं. तिथे उघडी फाइल उडवायला गेलात तर बहुतेक वेळा यंत्र नकार देतं, दुसऱ्या प्रोग्रामने उघडली आहे म्हणतं. युनिक्स नकार देत नाही. ‘खोडलं’ म्हणतं आणि गप्प बसतं. यातला सोयीचा भाग असा की चालू प्रोग्रामची फाइल त्याच्या पायाखालून बदलता येते, नवी आवृत्ती चढवता येते, आणि जुना प्रोग्राम आपली जुनी फाइल धरून काम संपवतो. बेल लॅबवाल्यांनी नवी मुंबईतल्या वितरकाच्या हिशेबासाठी ही सोय केली नव्हती. पण झाली खरी.

तर माझ्या ४० जीबीचा अर्थ असा होता: ‘हिशेब’चं नाव गेलं, पण तिला कुणीतरी धरून ठेवलंय. धरणारा एकच असू शकत होता, ते चालू असलेलं यंत्र. नवी मुंबईत त्या क्षणीही कुणीतरी बिल फाडत होतं आणि ते बिल एका निनावी फाइलमध्ये जात होतं. ते यंत्र बंद पडेपर्यंत सगळं शाबूत. बंद पडलं की त्याच क्षणी चार वर्षं गेली.

फोन वाजला. ऑफिसातला मुलगा. तोच तिथे सगळ्या वायरींचं बघतो.

“सर, गणपतीच्या शुभेच्छा. ते जरा स्लो वाटतंय सकाळपासून. मेन मशीन रीस्टार्ट मारू का?”

त्याला मी ज्या आवाजात ‘नको’ म्हटलं, त्याबद्दल नंतर माफी मागितली. पण त्या एका शब्दावर सगळं अवलंबून होतं. आपल्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध आहे, बंद करून चालू करा. सेट-टॉप बॉक्स, लिफ्ट, एटीएम. दहांतल्या नऊ वेळा लागू पडतं म्हणून दहाव्या वेळीही हात तिकडेच जातो. त्याला म्हटलं, त्या खोक्याला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस, यूपीएसची वायर सुद्धा हलवू नकोस. शक्य असेल तर समोर खुर्ची टाकून बस.

“सर, काय झालंय का?”

“अजून नाही.”

यावरून पिक्सारची गोष्ट आठवते. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना कुणीतरी सर्व्हरवर नको त्या जागी हीच ‘आरएम’ची आज्ञा दिली आणि चित्रपटाची पात्रं पडद्यावरून एकेक करून नाहीशी व्हायला लागली. ओरेन जेकब आणि त्याचे सहकारी बघत होते, आधी वुडीच्या फाइली जायला लागल्या. त्यांनी फोनवरून ओरडून सर्व्हरचा प्लगच उपटायला लावला. त्यांचं बरोबर होतं. तिथे खोडण्याचं काम अजून चालू होतं, प्रत्येक सेकंदाला आणखी फाइली जात होत्या. माझं खोडून संपलं होतं. मला चालू ठेवायचं होतं. चूक तीच, आज्ञा तीच, पण एकाला प्लग उपटणं तारतं आणि दुसऱ्याला मारतं. अशा वेळी काय करायचं हे आधी पाठ करून ठेवता येत नाही, काय घडलंय ते आधी समजावं लागतं. पिक्सारच्या बॅकअपमध्येही गडबड निघाली. शेवटी गेलन सुसमन या बाईंच्या घरी, बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून नेलेल्या संगणकावर चित्रपटाची प्रत मिळाली.

बॅकअपबद्दल तुम्ही विचारणारच. होता. मी स्वतः लावलेला, दर रविवारी पहाटे, एका वेगळ्या डिस्कवर. तो उघडून पाहिला तर तीन वर्षं तो इमानदारीने ‘हिशेब-नवा’ची प्रत काढत होता. मेलेल्या फाइलची. एक रविवार चुकला नव्हता. दर आठवड्याला ‘बॅकअप यशस्वी’ असा निरोप येत होता, आणि आकार प्रत्येक वेळी तेवढाच, १५० जीबी, बाइटभर इकडे-तिकडे नाही. ज्या फाइलमध्ये रोज बिलं चढतात तिचा आकार तीन वर्षं हलत नाही, हे बघून कुणालाही संशय यायला हवा होता. मला ‘यशस्वी’ हा शब्द पुरला.

यात मी एकटा नाही एवढंच समाधान. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम डेटाबेसची फाइल साफ करतोय असं समजून मुख्य डेटाबेस साफ केला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि त्याने थांबवलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. मग त्यांनी बॅकअप शोधायला घेतले. रोज निघणारा बॅकअप निघतच नव्हता, कारण तो काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या. ‘बॅकअप फसला’ असं सांगणाऱ्या मेल पाठवल्या जात होत्या, पण त्या दुसऱ्या टोकाला नाकारल्या जात होत्या. पाच वेगवेगळे उपाय, त्यातला एकही धड नाही. त्यांना वाचवलं ते एका कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी, हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने. तरी सहा तासांचं काम गेलं, त्यात सुमारे ५,००० प्रकल्प. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. सुधारणेचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि अहवालात त्या माणसाचं नाव न छापता ‘सदस्य १’ असं लिहिलं. मला या प्रकरणातलं ते सगळ्यात आवडतं.

खळ्यात काकी येऊन उभ्या राहिल्या. ऋषीची भाजी झाली होती. या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगर न लावता आलेलं तेवढंच: अळू, भोपळा, पडवळ, कंद. “काय रे, येतोस ना जेवायला? का त्याच्यातच तोंड घालून बसणारेस?” म्हटलं, येतो. दोन तासांनी गेलो.

पहिलं काम, धरणारा कोण ते पक्कं करणं. ‘एलएसओएफ’ नावाचं एक जुनं अवजार आहे, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात व्हिक एबेल यांनी लिहिलेलं. कुठल्या प्रोग्रामने कुठली फाइल उघडली आहे याची ते यादी देतं, आणि ज्यांची नावं खोडली गेलीत पण ताबा सुटलेला नाही अशाच फाइली दाखव असंही त्याला सांगता येतं. सांगितलं. एकच ओळ आली. क्यूएमू, त्याचा क्रमांक, हातातल्या फाइलचा क्रमांक १४, आकार, जुना पत्ता, आणि शेवटी कंसात ‘डिलिटेड’. ती ओळ मी चारदा वाचली.

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचं एक फोल्डर असतं. ते डिस्कवर कुठेच नसतं. १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी बेल लॅबच्या युनिक्ससाठी ही युक्ती काढली, चालू प्रोग्रामसुद्धा फाइलींसारखे दिसावेत. त्यात प्रत्येक चालू प्रोग्रामच्या क्रमांकाने एक खोली, आणि खोलीत त्याने हातात धरलेल्या फाइलींची रांग. म्हणजे माझ्या ‘हिशेब’ला डिस्कवर नाव नव्हतं, पण ‘प्रॉक’मध्ये, क्यूएमूच्या खोलीत, १४ नंबरच्या खुंटीला ती लटकत होती. तिथून ती वाचता येत होती.

तिला पुन्हा नाव देऊन टाकावं असं कुणालाही वाटेल. फेरफार उलटा फिरवायचा. पण सगळी नावं गेलेल्या फाइलला नवं नाव जोडायला यंत्रणा तयार होत नाही. एकच वाट राहते, त्या खुंटीवरून सगळी माती उचलून दुसऱ्या जमिनीत नेऊन टाकायची. म्हणजे १४० जीबी जागा हवी. माझ्याकडे ४० होती. बॅकअपची डिस्क २५० ची, तिच्यात मेलेल्या ‘नव्या’ची प्रत, बाकी शंभराच्या आत.

मुलाला फोन केला. “सर, माझ्याकडे एक्स्टर्नल आहे की, अर्धा टीबीची. लावू?” लाव म्हटलं. लावली. बघतो तर ती फॅट-३२ पद्धतीने बांधलेली, जिच्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. पुसून नव्याने बांधू का, विचारलं. पलीकडे शांतता. “सर, त्यात ताईच्या लग्नाचं शूटिंग आहे.” म्हटलं, काढून ठेव, ती डिस्क मला दिसता कामा नये.

राहिली ती एकच फाइल, जी खरं तर उडवायची होती. ‘हिशेब-नवा’, १५० जीबी. तिची प्रत बॅकअपच्या डिस्कवर होतीच. तीन वर्षांच्या मूर्खपणाचा तेवढा एक फायदा. पण एका तासात दुसऱ्यांदा, त्याच बोटांनी, तीच आज्ञा द्यायची. ‘एलएसओएफ’ने बघितलं, तिला कुणी धरलेलं नाही. मघाशी न दिलेली आज्ञा दिली, यंत्र खरोखर कुठल्या फाइलवर आहे ते विचारलं. उत्तर आलं ‘हिशेब’. बॅकअपमधली प्रत आणि ही, दोन्ही आकार ताडले. मग ‘आरएम’. मग ‘डीएफ’. मोकळे १९० जीबी. या वेळी जागा वाढली. तिला कसणारं कुणी नव्हतं.

पुढची पायरी बहुतेक जण चुकतात. चालू यंत्राची डिस्क कॉपी करायला घेतली तर पाऊण तासात आत शंभर गोष्टी बदलतात. पहिला तुकडा दुपारी दोनचा, शेवटचा पावणेतीनचा, आणि दोघांचा एकमेकांशी मेळ नाही. चालू असतानाच डिस्क दुसरीकडे वळवत नेण्याची सोय क्यूएमूमध्ये आहे. पण ती मी कधी वापरली नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा वापरायला दोन दांड्यांची रेंज ही योग्य वेळ नव्हे. म्हणून मुलाला सांगितलं, सगळ्यांना हिशेबातून बाहेर पडायला लाव. आत जाऊन सॉफ्टवेअर बंद केलं, म्हणजे स्मृतीत रेंगाळलेलं सगळं डिस्कवर उतरावं. आणि यंत्र बंद न करता स्तब्ध केलं. स्तब्ध केलेलं यंत्र श्वास रोखून उभं राहतं, पण हातातलं सोडत नाही.

इथे मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: खोडलेली फाइल वाचवायची तर त्याच डिस्कवर काही लिहू नये म्हणतात ना? म्हणतात, आणि ते खरं आहे, पण फाइल पूर्ण सुटून गेल्यानंतरचं. इथे जमिनीचा ताबा सुटला नव्हता, त्यामुळे नवी माती त्यावर पडण्याचा प्रश्नच नव्हता. ताबा सुटला असता तर मात्र हाल होते. लिनक्सची ‘एक्स्ट-४’ पद्धत फाइल शेवटची सोडताना तिचे तुकडे कुठे होते ती नोंदच कोरी करते. मग क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं ‘फोटोरेक’ चालवायचं, ते डिस्क चाळून ओळखीच्या चेहऱ्याचे तुकडे शोधतं. फोटो मिळतात, पत्रं मिळतात. १४० जीबीची, डिस्कभर विखुरलेली गाय सहसा मिळत नाही. त्यातून एसएसडी असेल तर ती मोकळी झालेली जागा स्वतःच धुऊन टाकते.

कॉपी लावली, पण सरळ लावली नाही. आधी ‘टीमक्स’ उघडलं. त्याचा उपयोग एवढाच की इथून संपर्क तुटला तरी तिकडचं काम चालू राहतं. साध्या जोडणीवर लावली असती तर रेंज जाताच कॉपी अर्धवट मेली असती. आणि रेंज गेलीच. लाइट गेली, टॉवर गेला, पाऊस आला. सगळं सात मिनिटांत. लॅपटॉप छातीशी धरून पडवीत आलो. शेजारी दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाची तयारी चाललेली, पावसात ढोलकीवर प्लॅस्टिक घालून माणसं उभी. मी त्यांच्यात उभा राहून भिंतीकडे बघत होतो.

तेव्हाच पोलादपूरची समाधी आठवली असं लिहिलं तर खोटं होईल; ती परवा हा लेख लिहिताना आठवली. पण सांगतो. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी ‘शिवभारत’ संस्कृतात लिहिलं. महाराष्ट्रात त्या ग्रंथाचं नाव माहीत असलेले लोकही फार नव्हते. पोथी सापडली तंजावरला, सदाशिव महादेव दिवेकरांना, आणि १९२७ मध्ये ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून छापून आली. तिकडे भोसल्यांच्या ग्रंथसंग्रहात कुणीतरी ती सोडली नव्हती, म्हणून. तीही पुरी नाही, बत्तिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तुटते. कॉपी मध्येच थांबल्यासारखी.

पाऊस उघडला तेव्हा साडेचार वाजले होते. टॉवर परत आला. तुळशीपाशी जाऊन जोडणी केली, ‘टीमक्स’मध्ये शिरलो. कॉपी पुरी झाली होती. बॅटरी २३ टक्के.

तरी हात आखडता ठेवला. मूळ अजून धरलेलं आहे तोवर दुसरी संधी आहे. आधी नव्या फाइलची तपासणी चालवली, चुका शून्य. मग तिच्यावर एक वेगळं यंत्र, वेगळ्या नावाने, नेटवर्कची वायर तोडलेल्या अवस्थेत सुरू केलं. विंडोजने मागच्या वेळी नीट बंद केलं नव्हतं म्हणून थोडी कुरकुर केली. हिशेबात गेलो, शेवटची नोंद काढली: त्याच दिवशी दुपारी १ वाजून ५२ मिनिटांनी फाडलेलं बिल. मुलाला फोनवर बिलाचा नंबर आणि रक्कम वाचून दाखवली. तो कागद शोधून म्हणाला, हेच.

मग जुनं यंत्र बंद केलं. क्यूएमूचा हात सुटला. ‘डीएफ’ मारलं, मोकळे १९० जीबी. दुपारी जी जागा मोकळी व्हायला हवी होती ती संध्याकाळी पावणेसहाला झाली. फाइलचं नाव या वेळी तारखेवरून ठेवलं. ‘नवा’, ‘जुना’, ‘फायनल’ हे शब्द तेव्हापासून फाइलींच्या नावात मी वापरत नाही.

“सर,” मुलगा म्हणाला, “आता रीस्टार्ट मारू?”

म्हटलं, “मार एकदाचा.”

मालकांना फोन मीच केला. झालं ते सगळं सांगितलं, नाव वाचून कसं उडवलं इथपासून. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे तीन वर्षं आपला बॅकअप नव्हताच?”

“होता. दुसऱ्याच फाइलचा.”

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग त्यांनी विचारलं, “चांगली हार्डडिस्क आत्ता कितीला पडते? दोन सांग.”